ओंजळीचा अर्थ

अर्थमापक यंत्राने धारणगावच्या मिरवणुकीतल्या चार हजार माणसांची मनं वाचली आणि एकजात सगळ्यांपुढे ‘वंदन’ असा शेरा मारला. प्रयोगशाळेच्या पडद्यावर तो पाहून डॉ. प्रमदा खांबेटे यांच्या जिवात जीव आला. त्यांचा धाकटा भाऊ शशी मिरवणुकीच्या वाटेवरच, खालच्या पेठेत राहत होता. दोन वर्षांपूर्वीच्या दंगलीत त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं तुटली. तेव्हापासून बाई हट्टाला पेटल्या होत्या, आणि त्या हट्टातून हे यंत्र जन्माला आलं होतं.

“मला अजून धास्ती वाटते, बाई,” त्यांचे सहकारी अभियंते शेलूकर म्हणाले. “ओंजळपंथ निघाला तो दुष्काळात तहानलेल्यांना पाणी पाजायला. जोडलेल्या दोन हातांची ओंजळ ही त्यांची खूण. आज या मिरवणुकीत आहेत त्याच खुणेचे झेंडे लावून लोक घरं जाळतात. असा रंग बदलणारा अर्थ आपण मोजणार कसा?”

“खुणेत अर्थ नसतोच, शेलूकर. तो बघणाऱ्याच्या मेंदूत असतो. खूण दिसली की पाव सेकंदात मेंदू शरीराला तयार करतो, वाकायला, पळायला नाहीतर मारायला. तोंड खोटं बोलेल, ही तयारी खोटं बोलत नाही. ओंजळ पाहून ज्याचा हात मारायला शिवशिवेल, त्याच्यावर आपल्या घारी स्तंभनलहर सोडतील. हातपाय लुळे. खूण नजरेआड झाली की माणूस मोकळा. रक्ताचा थेंबही सांडायला नको.”

घारी म्हणजे पेठेवर घिरट्या घालणारी चाळीस उडती यंत्रं. बाईंना त्यांचा कोण अभिमान!

मिरवणूक पेठेच्या तोंडाशी वळली आणि पडद्यावर माणसं धडाधड कोसळू लागली. “बघा!” बाई टाळी वाजवून ओरडल्या. शेलूकर मात्र पडद्याजवळ सरकले. त्यांनी चित्र मोठं केलं.

कोसळलेले सगळे आपापल्या दारात पडले होते. कोणाच्या हातात काठी होती, कोणाच्या बत्ता. घर राखायला उभी राहिलेली माणसं ती. झेंडेवाल्यांपैकी एकही पडला नव्हता. पहिला कोयता एका म्हाताऱ्याच्या मानेवर बसला. त्याच्या सुनेला केसांना धरून ओढलं आणि तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिला हात वर करून वार अडवताही येईना. मारणाऱ्यांच्या नावापुढे अजून ‘वंदन’च होतं.

“यंत्र बिघडलंय!” बाई किंचाळल्या.

“बिघडलेलं नाही, बाई. मारणारा चिडलेला असतो, असं आपण धरून चाललो. ही माणसं झेंडा पाहून गहिवरतात आणि गहिवरूनच कापतात. झेंडा पाहून मूठ वळते ती मार खाल्लेल्यांची.”

बाईंना स्वतःची चीड आली, किळस आली. इतकी साधी गोष्ट! त्यांनी घारी बंद करायला कळवलं, पण पोलिसांच्या नियंत्रण कक्षातून उत्तर आलं की यंत्रानुसार जमाव भाविक आहे, घारी बंद होणार नाहीत. तेवढ्यात शशीचा फोन आला.

“ताई, माझे हातपाय हलत नाहीयेत. पोरीला फोन धरायला लावलाय. ते शेजारच्या घरात शिरलेत गं!”

“झेंड्याकडे बघू नकोस! डोळे मीट, शशी, घट्ट मीट!”

“हललो! ताई, हललो!” मग त्याचा आवाज चिरकला. “पण मला दिसत नाहीये, ते कुठून...”

फोन बंद झाला.

घारींना लहर पुरवणारी गाडी पेठेच्या तोंडाशी उभी होती. लहर बंद करायला तिचा खटका हातानेच खाली ओढावा लागे. “पेठेत मिळेल त्याला फोन करा, डोळे मिटायला सांगा,” असं शेलूकरांना बजावून बाईंनी स्कूटर काढली. पेठ पाच मिनिटांवर होती. वळणापाशी त्यांनी स्कूटर टाकली, डोळे गच्च मिटले आणि भिंतीला हात लावत पुढे निघाल्या. पायाखाली ओलं, चिकट काही लागत होतं. जळक्या केसांचा वास येत होता. एका अंगाला अडखळून त्या पडल्या, उठल्या आणि देवाचं नाव घेत तशाच चालत राहिल्या. शेवटी गाडीचा पत्रा हाताला लागला, मग दार, मग खटका. त्यांनी तो मुठीत धरला.

“ताई, घाबरू नका,” अगदी जवळून आवाज आला. मऊ, घरच्या माणसासारखा. “किती धाप लागलीय तुम्हाला! घोटभर पाणी प्या. तहानलेल्याला तसंच सोडणं आमच्यात पाप असतं.”

गार पाणी त्यांच्या ओठांवर सांडलं. त्याला रक्ताची चव होती. बाईंचे डोळे उघडले.

समोर झेंडा नव्हता. हसऱ्या, प्रेमळ चेहऱ्याचा एक माणूस कोपरापर्यंत लाल झालेल्या दोन हातांची ओंजळ करून वाकला होता. त्याचं नरडं फोडावं, असं बाईंना वाटलं. वरून घार वळली, आणि खटक्यावरची त्यांची बोटं एकेक करून सैल पडली.