आवाज वाढव

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाहीतर अंगठा वर सरकवा आणि पुढचं बघा. मला कुणाचं लाईक नकोय.

घर पनवेलच्या पुढे, नेऱ्याला. दिवस गेल्या वर्षीच्या सर्वपित्री अमावास्येचा. वेळ संध्याकाळी सातच्या जरा आधीची.

घर माझ्या मावसभावाचं, हरेशचं. जमीन विकली गेली आणि या माणसाची मान आखडली ती आखडलीच. गळ्यात चेन, दारात पांढरी गाडी, आणि तोंडात एकच वाक्य... "तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

हे तो स्वतःच्या बापालाही म्हणायचा.

त्याची आई, म्हणजे माझी कमळा मावशी, आदल्या वर्षी गेली. दहाव्याला गाढी नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसून नुसते बघत होते मेले. हरेशने सगळं कबूल करून पाहिलं. बंगल्याला तुझं नाव देतो, बाबांना सांभाळतो.

कावळा जागचा हलेना.

शेवटी मावशीचे यजमान, भगवान काका, काठी टेकत पुढे आले आणि हळूच म्हणाले, "कमळे, तुजी शिरियल आमी बंद नाय करनार."

...कावळा आला.

लोक तोंड फिरवून हसले. हरेशची गेली अब्रू. तेव्हापासून त्याने त्या सिरीयलवर दात धरला.

काकांनी मात्र शब्द पाळला. रोज सातला हॉलमध्ये टीव्ही लागायचा. समोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीत काका, दुसरी रिकामी. सून दीपिका चहाचे दोन कप ठेवायची, मुकाट्याने. मावशीला ऐकू कमी यायचं, म्हणून आवाज अख्ख्या आळीला पुरेल इतका.

"मेलेली माणसं सिरीयल बघत नाहीत," हरेश म्हणायचा.

तर त्या संध्याकाळी साहेब स्टिक घेऊन आले. टीव्हीच्या मागे खुपसायची, की सगळं जग घरात. दुसऱ्या दिवशी मॅच होती आणि मित्रांपुढे मिरवायचं होतं.

पण टीव्हीच्या मागे ती खुपसायची जागा एकच. दुसरी होती, ती याच शहाण्याने पूर्वी जोर लावून वाकडी करून ठेवलेली. म्हणजे स्टिक लावायची तर केबलचा बॉक्स काढायला हवा.

"हरेश, ती डब्बी नको काढू," काका म्हणाले. "तिचा टायम झालाय. आज तर अमावास्या हाय."

"बाबा, गप बसा. तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

वायर उपटली.

काका रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले.

मग सुरू झालं साहेबांचं सेटिंग. वायफायचा पासवर्ड एकेक अक्षर शोधून टाकायचा. तो चुकला. परत टाकला, परत चुकला. स्वतःच ठेवलेला पासवर्ड, बरं का. शेवटी दीपिकाने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितला.

सात वाजले.

कसलासा ट्रेलर लागला होता. हरेशने आवाज बारीक केला.

आवाज वाढला...

त्याने परत कमी केला.

परत वाढला. पडद्यावरची पट्टी कुणीतरी बटण दाबून धरल्यासारखी सरकत होती.

"फालतू माल," हरेश म्हणाला आणि रिमोटमधले सेल काढून खिशात टाकले.

पट्टी सरकतच राहिली.

मग ट्रेलर थांबला. पडद्यावर माइकचं चिन्ह आलं. रिमोटमध्ये बोललं की ते ऐकून शोधून देतं, ते. घरात तर कुणीच बोलत नव्हतं.

आणि खाली अक्षरं उमटली...

आवाज वाढव.

दीपिका दारात उभी होती. हातात नेहमीचे दोन कप. हे सगळं मला तिनेच सांगितलंय आणि ती थापा मारणारी बाई नाही.

काका हसले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच हसले.

हरेश घाबरला होता, पण घाबरलो म्हणेल तर तो हरेश कसला. कमरेवर हात ठेवून टीव्हीला म्हणतो, "आई, तू मेलीयस. एवढी हौस असेल तर बाबांना पण घेऊन जा तिकडे. बसा दोघं सिरीयल बघत."

माइक तसाच होता...

खाली एकच शब्द उमटला.

बरं.

दुसऱ्या दिवशी मित्र आले. मॅच हरेशने मोबाईलवरूनच लावली. खुर्च्या अडचण करतात म्हणून हरेशने दोन्ही उचलून पडवीत टाकल्या, आणि एकीत बापाला बसवलं. समोर टीव्ही नाही, नुसती भिंत. काकांनी तक्रार केली नाही. दीपिकाकडे फक्त दोन कप चहा मागितला.

सात वाजले. हरेश टीव्हीकडे बघत होता.

आवाज वाढला नाही. एकदाही नाही.

"बघ, निघून गेली," तो दीपिकाच्या कानात म्हणाला आणि हसला.

मॅच संपली तेव्हा दीपिका काकांना जेवायला बोलवायला पडवीत गेली.

काका खुर्चीत बसलेले होते. गार पडलेले. एक हात शेजारच्या खुर्चीच्या दांडीवर.

दोन्ही कप रिकामे होते.

दहाव्याला आम्ही परत गाढीवर. मी तिथे होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हरेशने पिंड ठेवला, हात जोडले, काहीतरी कबूल करायला तोंड उघडलं...

त्याआधीच कावळा शिवला.

"भाग्यवान माणूस," सगळे म्हणाले, "कशात म्हणून जीव अडकला नाही."

हरेश तिथेच वाळूत बसला. त्याला हाताला धरून उठवावं लागलं.

मला त्याची दया येत नाही, खरं सांगते. दीपिकाची येते. मी त्या घरी अजून जाते, पण सातच्या आत निघते. एकदाच उशीर झाला होता.

दोन्ही खुर्च्या परत हॉलमध्ये आणून ठेवल्यात. हरेश त्यांच्या मागे उभा होता. रिमोट तोंडाजवळ धरून तो लहान पोरासारखं बोलत होता, "आई, आवाज वाढवू? बाबा आहेत का गं तिथे?"

पडद्यावर माइक आला, आणि खाली अक्षरं.

काही ऐकू आलं नाही. पुन्हा बोला.

तो पुन्हा बोलला. रोज बोलतो म्हणे.

बाहेर पडताना दीपिकाने मला कपाटावरची वाटी दाखवली. रिमोटचे सेल त्यात पडले होते. त्या अमावास्येला काढलेले, ते कुणी परत घातलेलेच नाहीत.