हुमल्यांचा पूल

छप्पन सालच्या चैत्रात आमच्या बागेत एक परका माणूस कलमावर चढलेला दिसला आणि मी खालूनच ओरडले, "उतरा मुकाट! आंबे चोरताय?"

"चोरत नाही... मोजतोय."

"आमचे आंबे मोजणारे तुम्ही कोण?"

"आंबे नाहीत हो – मुंग्या!"

एवढं बोलून ते धपकन खाली आले, कारण मुंग्यांनीही त्यांना मोजायला घेतलं होतं. आंब्याची पानं जोडून घरटी करणाऱ्या या तांबड्या मुंग्यांना आम्ही हुमले म्हणतो. चावले की भलेभले नाचतात. हे मात्र दंड चोळत हसत होते. नाव महिपत, रत्नागिरीच्या कॉलेजात जीवशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. "तुमचं काम होईपर्यंत थांबतो, मग घरटी जाळून आंबे काढू," असं बाबांनी त्यांना कबूल केलं होतं, आणि मला सांगायचं विसरले होते.

त्यांनी दोन कलमांमध्ये सुंभ बांधला. दुपारपर्यंत त्यावरून मुंग्यांची रांग लागली. मग त्यांनी तो कापला. मुंग्या सैरावैरा धावल्या... आणि तासाभरात एकीचे पाय दुसरीने धरत, फांदीपासून फांदीपर्यंत त्यांनी आपल्या अंगांचाच पूल केला! मी पाहतच राहिले.

"यांचा मुकादम कोण?"

"कोणीच नाही. प्रत्येकीला फक्त शेजारणीचं कळतं. वाट सापडली की तिथे गर्दी वाढते, तुटली की नवी शोधतात. एकीच्याही डोक्यात नसलेलं शहाणपण सगळ्या मिळून दाखवतात."

"आमच्याकडे बाबा मुकादम आहेत, तरी न्याहारी वेळेवर होत नाही."

ते चष्मा पुसत हसले. तेव्हा त्यांचे डोळे... जाऊ दे. मुंगीएवढ्या जिवापुढे मान तुकवणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तो मला फार फार आवडला.

पण काम संपलं की हे जाणार! म्हणून मी रोज सकाळी ते यायच्या आत कोयतीने सुंभ कापू लागले.

"खारीने कुरतडला वाटतं," मी म्हणायची.

"असेल," म्हणून ते नवा बांधायचे.

पंधराव्या दिवशी बाबा पेटती चूड घेऊन आले. "मास्तर, आज जाळतो."



"माझं काम आठ दिवसांपूर्वीच संपलं," महिपत म्हणाले.

"मग रोज कशाला यायचात?" मी फटकन विचारलं.

"सुंभ बांधायला. खार कोयतीने कापते, हे... कुठल्या पुस्तकात नव्हतं."

माझे कान तापले.

बाबांनी गळून पडलेला पिवळा हापूस उचलला. "तुम्ही बांधताय, ही मालन कापतेय, नि मी बागेला हात न लावता बघत बसलोय. आंबा झाडावरच पिकून पडायला लागला, मास्तर! तुमच्या तोंडून शब्द कधी पडायचा?"

महिपत माझ्याकडे वळले. "मालन... माझ्याशी लग्न कराल?"

"करीन," मी म्हणाले. "पण ही घरटी जाळायची नाहीत."

"अगो, मग आंबे काढायला चढणार कोण?" बाबांनी कपाळाला हात लावला.

"मी," असं म्हणून महिपतांनी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या आणि ते झाडाकडे निघाले.