शिसव, हळदू आणि गरम सरस

बससमोर उंटगाडी आडवी आली आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. जयंतीच्या काखेतलं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांबट पुडकं सटकलं, सुतळी सुटली आणि लाकडाच्या बारीक नक्षीदार पट्ट्या बसभर पसरल्या. काही सीटखाली, काही कुणाच्या चपलांपाशी, एक तर थेट दुधवाल्याच्या बरणीमागे...

"भैया, पैर मत हिलाना. कोई पैर मत हिलाना, प्लीज," म्हणत ती खाली वाकली.

सगळे थांबले. खिडकीजवळचा एक उंच, चष्मेवाला तरुण मात्र मदत करायला म्हणून घाईने उठला आणि त्याच्या बुटाखाली बारीकसा आवाज झाला — कट्.

"अरे देवा," तो म्हणाला.

जयंतीने मान वर केली. आता चांगलं सुनावायचं, असं तिच्या मनात होतं. पण जयपूरच्या सिटी बसमध्ये 'अरे देवा' ऐकून ती रागवायचंच विसरली.

"तुम्ही मराठी आहात?"

"होय, मिरजेचा." त्याने तुटलेले दोन तुकडे उचलले. "फार वाईट झालं. ही फूटपट्टी होती का?"

"फूटपट्टी?" तिने ते तुकडे त्याच्या हातातून काढून घेतले. "ही टेबलाच्या कडेला बसवायची नक्षी आहे. मी बनवलेली."

त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि एक तुकडा पुन्हा मागून घेतला. काळ्या आणि पिवळ्या लाकडाचे तांदळाएवढे तुकडे, एकामागे एक, पळत सुटलेल्या बाणांसारखे...

"हे रंगवलंय ना?"

"नाही. रंग लाकडाचाच. काळं ते शिसव, पिवळं ते हळदू."

"आणि हे तुम्ही... घरी?"

"गॅरेजमध्ये."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग खिशात हात घालून म्हणाला, "नुकसान भरून देतो."

"पैशाने नाही होणार. दुसरी बनवावी लागेल. आणि बाबांचा हात प्लास्टरमध्ये आहे, मतलब, मी एकटीच आहे बनवायला."

"मग मी येतो बनवायला."

बोलून गेल्यावर तो स्वतःच दचकला. जयंतीला हसू आलं. बस सांगानेरी गेटाशी पोचली होती आणि मागचे लोक तिला ढकलत होते. उतरता उतरता ती म्हणाली, "मालवीय नगर, पाण्याच्या टाकीमागे. सुभेदार आनंदराव म्हणून विचारा. रविवारी सकाळी. चांगले कपडे घालून येऊ नका."

बस निघून गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण त्याचं नावही विचारलं नाही. फर्निचरवाल्याच्या दुकानापर्यंत ती जवळजवळ पळतच गेली. काही घाई नव्हती, तरी.

रविवारी तो आला तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

आनंदराव गॅरेजच्या दारातच बसले होते, डावा हात गळ्यात. मूळचे साताऱ्याचे, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झाले आणि शेवटच्या पोस्टिंगच्या गावातच घर केलं. लाकडाच्या पट्ट्या हा त्यांचा छंद. हळूहळू तो घरचा धंदा झाला आणि आता त्यात मुलीचा हात त्यांच्यापेक्षा चांगला चालायचा. गेल्या महिन्यात गच्चीच्या शिडीवरून पडून त्यांनी मनगट मोडून घेतलं होतं.

"नाव?"

"श्रीपाद."

"काम?"

"विमा कंपनीत. सांगलीहून बदली झाली, दिवाळीनंतर."

"लाकडातलं काय येतं?"

"पेन्सिलीला टोक काढता येतं."

आनंदरावांच्या मिशा किंचित हलल्या. "बसा की मग," ते म्हणाले.

आत थंडी होती. स्टोव्हवर पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून जयंती सरस वितळवत होती. तिने त्याला सगळं समजावून सांगितलं. शिसव आणि हळदूचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवायचे. मग ते तिरके कापायचे. ते तिरके तुकडे दोन लांब फळ्यांच्या मध्ये ओळीने उभे करायचे आणि शिकंज्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळून ठेवायचे. वाळलं की त्या जाड ठोकळ्याच्या उभ्या चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी.

"वाळेपर्यंत नक्षी दिसत नाही?"

"नाही. कापल्यावरच कळतं, जमली की बिघडली."

"मग तोपर्यंत धीर कसा धरता?"

"नाही धरत," जयंती म्हणाली. "रात्रभर झोप येत नाही मला."

डिसेंबरच्या गारठ्यात सरस ब्रशवरच थिजायचा. म्हणून तर दोन माणसं लागायची. ती सरस लावणार, तो तुकडे उभे करणार. "भरभर," ती म्हणत होती, "आणखी भरभर... तो उलटा आहे, फिरवा... हां." त्याच्या चष्म्यावर वाफ जमली होती, इस्त्रीच्या शर्टावर तपकिरी डाग पडले होते आणि तो श्वास रोखून काम करत होता. शेवटचा तुकडा दोघांनी एकदमच धरला. शिकंजा आवळला गेला आणि मग कळलं, त्याचा अंगठा आणि तिचं बोट एकमेकांना चिकटलंय.

"हलू नका," ती म्हणाली. "ओढलं तर साल निघेल. गरम पाणी लागेल."

"नाही हलत. मला कुठे घाई आहे?"

तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं. कान मात्र गरम झाले. तेवढ्यात आई, रत्नप्रभाबाई, चहा घेऊन आल्या. "काय झालं गं?"

"बोट चिकटलंय."

"कुणाचं?"

"माझं," दोघंही म्हणाली.

रत्नप्रभाबाईंनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि गरम पाणी आणायला गेल्या. त्या जरा जास्तच वेळ लावून आल्या.

तुटलेल्या पट्टीची भरपाई त्या एका दिवसात संपली असती. पण श्रीपाद पुढच्या रविवारीही आला आणि त्याच्या पुढच्याही. संक्रांतीनंतर लग्नं सुरू व्हायची. फर्निचरवाल्याला एका नवरीच्या कपाटासाठी भरपूर पट्ट्या हव्या होत्या, त्यामुळे काम होतंच. नवी नक्षी दोघांनी मिळून काढली, लाटांसारखी. त्याने कागदावर काढली, तिने ती लाकडात कशी बसेल ते शोधलं. दोघं भांडली, कागद फाडले, नक्षी पुन्हा काढली.

तिचं मराठी ऐकून त्याला मजा वाटायची. तिचं बालपण अंबाला, जालंधर, जोधपूर असं छावण्यांतून गेलेलं.

"परवा तुमची याद आली होती," ती एकदा म्हणून गेली. "मतलब... पॉलिश पेपर घासताना."

"आठवण. मराठीत आठवण म्हणतात."

"तेच. ती आली होती."

श्रीपाद घासत असलेली पट्टी त्या दिवशी गरजेपेक्षा बरीच पातळ झाली.

मग एका रविवारी आनंदराव खुशीत गॅरेजमध्ये आले. "ऐकलंत का श्रीपादराव? माझी बहीण आहे साताऱ्याला, द्वारका. तिने जयूसाठी स्थळ आणलंय. पुण्याचा इंजिनियर. संक्रांत झाली की मंडळी बघायला येतायत."

श्रीपादचा हात थांबला. जयंती सरस ढवळत होती, तिचाही थांबला. हे तिला आत्ताच कळत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी बोल, काहीही...

"छान," श्रीपाद म्हणाला.

थोड्या वेळाने डोकं दुखतंय म्हणून तो निघून गेला. पुढच्या रविवारी आलाच नाही. जयंतीने एकटीने ठोकळा बांधायला घेतला. एका हाताने ब्रश, दुसऱ्याने तुकडे. सरस मध्येच थिजला, सगळं वाकडं बसलं. तिने ते चुलीत टाकलं, डोळे पुसले, सरस पुन्हा गरम केला आणि दुसरा बांधला. त्या 'छान'चा तिला इतका राग आला होता की हात आपोआप भरभर चालले.

संक्रांतीच्या सकाळी सगळं जयपूर गच्चीवर होतं. आभाळ पतंगांनी भरलेलं, गच्चीगच्चीवर लाउडस्पीकर आणि चारी बाजूंनी 'वो काटा' असा ओरडा. आनंदराव एका हाताने पतंग उडवण्याचा हट्ट धरून वर गेले होते. जयंती गॅरेजमध्येच होती. दुसऱ्या दिवशी फर्निचरवाल्याचा माणूस येणार होता आणि ठोकळा अजून कापायचा होता.

दारात सावली पडली. श्रीपादच्या हातात स्टीलचा डबा होता.

"आईने तिळगूळ पाठवलाय मिरजेहून."

"ठेवा तिथे."

"करवतीच्या दुसऱ्या बाजूला कुणी नसेल असं वाटलं, म्हणून आलो."

 त्याने डबा ठेवला, बाह्या वर केल्या आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. आनंदरावांनी जुन्या शिवणयंत्राच्या पायडलवर छोटी गोल करवत बसवली होती. जयंती पायडल मारत ठोकळा पुढे सरकवायची आणि समोरच्याने कापून येणारी चकती अलगद धरायची. पायडल हलू लागलं. करवत गुणगुणली, पिवळा भुसा उडाला आणि पहिली चकती हळूहळू त्याच्या बोटांत आली.

त्याने फुंकर मारून भुसा उडवला. काळ्यावर पिवळी, पिवळ्यावर काळी, लाटेमागे लाट, कुठेही न तुटता.

"जमली," तो कुजबुजला. "जयंती, जमली हो."

त्याने पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली होती. तिचे पाय आणखी जोरात चालू लागले.

"छान म्हणालात ना त्या दिवशी?"

"काय म्हणणार होतो? सुभेदारसाहेब इतक्या आनंदात होते. माझी इथे एक भाड्याची खोली, उद्या बदली झाली तर तीही नाही. मी कोणत्या तोंडाने..."

"मला पुण्याच्या मुलाला भेटायचं नाही."

"का?"

"मतलब..." तिने ओठ चावला. "मला आता कुणालाच भेटायचं नाही. एक भेटलाय. बसमध्ये."

श्रीपादचा हात हलला आणि दुसरी चकती मधोमध मोडली. जयंतीचा पाय पायडलवरच थांबला. करवतीची गुणगुण संपली आणि वरच्या गच्चीवरचा कल्ला एकदम जवळ आला.

"मीसुद्धा," तो म्हणाला. "त्या पहिल्या रविवारी... गरम पाणी आलंच नसतं तर बरं, असं वाटत होतं मला."

"यंत्र का थांबलं?" जिन्यातून आनंदरावांचा आवाज आला. आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस; सगळ्या ओरड्यातही त्यांना ते कळलं होतं. ते दारात आले, मागोमाग रत्नप्रभाबाई. जयंती उठून उभी राहिली.

"बाबा, पुण्याच्या लोकांना नाही म्हणून सांगा. मला यांच्याशी लग्न करायचंय. मी आत्ताच विचारलं यांना."

आनंदरावांनी मोडलेल्या चकतीकडे पाहिलं, मग श्रीपादकडे. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो," श्रीपाद म्हणाला. त्याची नजर खाली गेली नाही. "आधीच तुमच्याकडे यायला हवं होतं मी. धीर झाला नाही."

"बदल्या होत राहणार तुमच्या."

"होणार."

"मग ही काम कुठे करणार? आज इथे, उद्या तिथे. तिचा हात मी घडवलाय. तो भांडी घासण्यात जायला नको मला."

श्रीपादने करवतीकडे पाहिलं. "जिथे जाऊ तिथे आधी करवतीला जागा बघू. घर त्या जागेच्या आसपास मिळेल ते. आणि भांडी मला घासता येतात, सुभेदारसाहेब. एकटाच राहतो मी."

 आनंदरावांनी पहिली चकती उचलली, उजेडात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"शेजारून ट्रंक कॉल लावून येतो द्वारकेला."

"वन्संना सांगणार काय?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे हसत होते.

"सांगतो, मुलगी कामात आहे." ते निघाले, दारात थांबले. "श्रीपादराव, मिरजेला तुमच्या आईंना कळवा. त्यांचं काय म्हणणं पडतं ते कळल्याशिवाय माझं काही खरं धरू नका. आणि तो ठोकळा आजच पुरा झाला पाहिजे."

ते गेले. रत्नप्रभाबाई लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून तिळगुळाचा डबा घेऊन वर गेल्या.

दोघं पुन्हा करवतीच्या दोन बाजूंना आली. दोघांनाही हसू आवरत नव्हतं. चकतीमागून चकती येत गेली, लाटा वाढत गेल्या, त्याच्या केसांत भुसा आणि तिच्या पापण्यांवरही. मध्येच तिचं लक्ष त्याच्याकडे जायचं आणि ठोकळा रेंगाळायचा.

शेवटची पट्टी कापून झाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि वर अजून पतंग होते. जयंतीने ओढणीने हात पुसले आणि त्याच्या बाहीला धरून त्याला जिन्याकडे ओढलं.

"चल ना," ती म्हणाली. मग स्वतःच थबकली. "चल म्हटलेलं चालेल?"

"पुन्हा म्हण," श्रीपाद म्हणाला.

"चल," ती म्हणाली, आणि दोघं जिना चढून पळाली.