धुक्यातली भोरी

“शूऽऽ! कुणीतरी खोकलं!” भारत जागीच थबकला.

“माकड असेल,” आरोही पायावरच्या जळवा झटकत म्हणाली.

“मग तुझीच मैत्रीण की ती!” ऋतुजाने धाकटीला टोला हाणला.

दिवाळीची सुट्टी होती. ऋतुजा-आरोहीचे पप्पा म्हणजे भारतचे महिपतीकाका. त्यांनी तिघांना घाटातलं ढगांचं जंगल दाखवायला आणलं होतं. मग सांगोल्याकडच्या गावी, बाळाबाई आजीकडे सुट्टीभर मुक्काम! माळावर मेंढरांमागे वाढलेला भारत तर बघतच राहिला होता. पाऊस नव्हता, तरी झाडं टपटप गळत होती. “झऱ्यापलीकडे जायचं नाही,” काकांनी बजावलं होतं. अर्थातच तिघं झऱ्यापलीकडे होती!

पुन्हा खोकला आला. धुक्यातून लंगडत एक मेंढी बाहेर आली.

“मेंढरू? हितं?” भारत ओरडला. “असल्या वल्या मुलखात आमी मेंढरं कदीच आणत न्हाई. खुरं कुजत्यात!”

त्याने तिचा उजवा कान चाचपला. कानाला दोन कापे होते. आजीच्या कळपाचीच खूण!

“भोरी...” भारतने तिच्या गळ्याला मिठी मारली.

भोरी! तिची आई मेल्यावर भारतने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. भादव्यात ती माळावरून नाहीशी झाली. “लांडग्यानं नेली! अन् हा बाभळीखाली झोपलेला!” असं महिपतीकाकांनी सगळ्या गावासमोर सांगितलं होतं. तेव्हापासून कुणी भारतकडे एकट्याने कळप दिला नव्हता.

ऋतुजा भोरीच्या गळ्यातल्या दोरीकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला. “भारत, ही दोरी आमची आहे. पप्पा कामाला आहेत त्या कारखान्यातले चादरींचे काठ आणून तेच वळतात.”

“मग आता?” आरोही रडवेली झाली.

“आता मी विचारते. तू फक्त गप्प बस!”

गाडीपाशी जाऊन ऋतुजा भाबडेपणाने म्हणाली, “पप्पा, एक मेंढी सापडली! कुणीतरी झाडाला बांधून उपाशी ठेवली होती.”

“झाडाला? मी तर गोठ्यात...” काकांनी जीभ चावली. पण बाण सुटला होता!

मागून भोरीला उचलून भारत आला. काकांनी तिचं सुजलेलं खूर हातात घेतलं.

“औंदा चारा न्हवता रं. हितं कमरंएवढं गवत! वाटलं, हितल्या वळखीच्या गोठ्यात ठिवून दिवाळीला धष्टपुष्ट करून न्यावी. आई नेऊ देत न्हवती, म्हून तू पाण्याला गेलास तवा उचलली. मग आईनं आकांत केला, अन् तोंडातून लांडगा निगाला.”

“हिरवं दिसलं की भुललात,” भारत एवढंच म्हणाला.

सांगोल्यापर्यंत भोरीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. आजीने तिची खुरं पाहिली, छातीला कान लावला आणि पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी, कोरड्या उन्हात, भोरी गेली. तिघंही ढसाढसा रडली.

आजीने भावकीतल्या चार वडीलधाऱ्यांना बोलावलं. “बोल, महिपती,” ती म्हणाली.

“पोरगं झोपलं न्हवतं,” काका मान खाली घालून म्हणाले. “मीच नेली. अन् खोटं बोललो.”

“पोरींनी छडा लावला बगा!” त्यांच्यातले धुळाआज्जा म्हणाले. “बापाला धरायला लई काळीज लागतं. अन् भारत, उद्यापास्नं कळप तुझ्याच हाती!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आजीने भारतला जवळ ओढलं. “माझा खरा राखण्या हाय ह्यो!”

भारत हसला नाही. “आजी, सगळी म्हणायची म्हून मलाबी वाटाय लागलं हुतं, मी झोपलो असंन. म्हून मी तिला एकदाबी हुडकाय गेलो न्हाई.”

आजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“ती मात्र वाट बगत ऱ्हायली असंल की,” तो म्हणाला.