ओली सही

भिंगकाका त्या दिवशी घरातून निघाले ते एक फोटो आणायला. एवढंच काम. गुरुवार, बारा डिसेंबर, रात्रीचे पावणेनऊ. थंडी होती, आभाळ स्वच्छ होतं, भुताबितासाठी काहीच सोय नव्हती. माझ्या बोटाकडे काय बघतोस रे? ते शेवटी सांगतो. आधी ऐका.

खिशात कायम भिंग, म्हणून भिंगकाका. चित्र खरं की नकली हे सांगणारा माणूस. माझ्या दुकानात ते फ्रेमा करायला यायचे, आणि ही हकिकत त्यांनीच मला शटर अर्धं ओढून सांगितली. एका दिवंगत मोठ्या चित्रकारावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. त्यांचा शोध असा, की तो चित्रकार डावखुरा. पुरावा एक फोटो: बुवा चित्र काढतोय, ब्रश डाव्या हातात. झालं! त्या दिवसापासून डाव्या हाताचे फटकारे असतील ते चित्र खरं, बाकी नकली. काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि गंमत बघा, पुस्तक आल्यावर पाच वर्षांत त्या चित्रकाराची, कोणी कधी न पाहिलेली, सात चित्रं सापडली. सगळी डाव्या हाताची. काकांनी सातही पास केली. संग्रहालयात आजही दिमाखात टांगलेली आहेत.

एक चित्र मात्र काकांनी नापास केलं. ते चित्रकाराच्या मुलीने आणलं होतं. चित्रात तीच, आठ वर्षांची, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. सही नव्हती.

"पाचव्या दिवशी बाबा गेले, सर. सही राहिली," ती म्हणाली. "आणि बाबा उजव्या हातानेच काढायचे हो. मी समोर बसले होते ना, चार दिवस, न हलता."

"ताई, लहानपणीच्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत," काका म्हणाले. वर हसले.

तिला ते विकायचं नव्हतं. संग्रहालयात बापाच्या नावाचं दालन होतं, तिथे बापाचं चित्र लागावं, एवढंच तिचं म्हणणं. बावीस वर्षं ती विचारत राहिली आणि बावीस वर्षं काका नाही म्हणत राहिले. मला आजही चीड येते ती त्या हसण्याची.

तर त्या गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. ती घर सोडत होती, आवराआवरीत पुस्तकातल्या फोटोची मूळ प्रत सापडली होती. हवी तर घेऊन जा, म्हणाली.

अर्धं घर खोक्यांत भरलेलं. तिने फोटो हातात दिला. हा अख्खा होता. बुवाच्या मागे भिंतीवर कॅलेंडर. त्यावरचे आकडे सरळ. आणि ब्रश... उजव्या हातात.

काकांनी भिंग काढलं. पुन्हा बघितलं. पुस्तक छापताना फोटो आरशातल्यासारखा उलटा लागला होता. आणि कॅलेंडरचा भाग काकांनी स्वतःच कापायला लावला होता, जागा वाचवायला. मग ती सात चित्रं? ज्याने कोणी काढली, त्याने काकांचं पुस्तक समोर उघडं ठेवून, डावा हात बसवून काढली होती. पारखी माणसाचे डोळे अधू नसतात रे. त्याला मनातून जे हवं असतं तेच कोणीतरी करून आणतं, आणि तो कौतुकाने बघत बसतो.

शेवटची बस गेली होती. "बाबांच्या खोलीत झोपा, सर," एवढंच ती म्हणाली.

खोलीत पलंग, आणि समोर भिंतीला टेकवलेलं ते चित्र. काकांनी दार लावलं. फोटोचे बारीक तुकडे केले. खिडकीतून खाली नाल्यात सोडले. मग चित्राकडे पाठ करून झोपले.

दोन वाजून चाळीस मिनिटं. जाग आली ती वासाने. टर्पेंटाइन. त्या खोलीत चाळीस वर्षांत कोणी ब्रश धरला नव्हता.

मग आवाज. बरणीच्या काठावर ब्रश आपटल्याचा.

टिक... टिक...

काकांनी मान वळवली. चित्रासमोर कोणीतरी ओणवं. पाठमोरं. बाही कोपरापर्यंत दुमडलेली.

आणि सवय बघा माणसाची. जीव जायची वेळ, तरी नजर गेली ती हाताकडे.

उजवा.

हात सावकाश चालला. थांबला. मग ते वळू लागलं...

काकांनी डोळे गच्च मिटले.

टिक.

आता कानाशी.

"उजवा..." काका कसेबसे म्हणाले. "बघितलं मी... सांगतो... सगळ्यांना सांगतो..."

...

सकाळी चित्राच्या कोपऱ्यात सही होती. काळी, ठसठशीत, ओली. मुलगी दारात उभी.

"फोटो कुठाय, सर?"

काकांनी खिडकीकडे बघितलं.

"आणि हे... हे तुम्ही केलंत?" तिने सहीकडे बोट दाखवलं. "एवढी वर्षं मी त्यावर एक रेघ ओढली नाही. ओढता आली नसती का मला?"

काकांनी शब्द पाळला, हे कबूल करायला हवं. तिच्या हातापाया पडून चित्र संग्रहालयात नेलं, होतं ते सगळं बोलले. तपासायला बसला त्यांचाच विद्यार्थी. त्याने कापूस स्पिरिटमध्ये बुडवून सहीवरून फिरवला. अख्खी सही कापसावर आली.

"सर, रंग कालचा आहे," तो म्हणाला. "आणि फटकारे उजव्या हाताचे. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, पान चौऱ्याऐंशी."

फोटो मागितला, तर तो नाल्यात. काकांचं हसं झालं. आयुष्यात एकदा खरं बोलला माणूस, तर खोटी सही करताना पकडला म्हणून पेपरात आला. वर्षभरात गेलेच. सात चित्रं जागच्या जागी.

मुलगी ते चित्र माझ्या दुकानात ठेवून गेली. "माझ्या बाबांचं होतं," म्हणाली. "आता कोणाचं आहे, मला नाही सांगता येत." परत आली नाही.

तुमच्या मागे भिंतीवर आहे तेच ते. माझ्याकडे आलं तेव्हा कोपरा कोरा होता, माझ्या डोळ्यांनी बघितलाय. त्याला अकरा वर्षं झाली. आज दुपारी सहज धूळ पुसायला गेलो...

आता बघ माझं बोट. तीनदा साबण लावलाय.