तळ्यातला झाडूवाला

"पंधरा दिवसांत तिसरं जाळं!" काकांनी ओलं जाळं धक्क्यावर आपटलं. त्याला ठमीचं डोकं आरपार जाईल एवढी भोकं होती. "हे त्या थेरड्याचंच काम. स्वतःच पात्याने कापायचं आणि स्वतःच शिवायला बसायचं. कुंपणच शेत खातंय."

थेरडा म्हणजे जाळी विणणारे आजोबा. चाळीस वर्षं तळ्यावरची झाडून सगळी जाळी त्यांच्या हातून गेली होती. काकांनी त्यांना त्याच दिवशी धक्का बंद केला, आणि बाकीच्या मासेमारांनी लगेच री ओढली. आजोबा सुया, दोऱ्याचं रीळ आणि बसायचं पोतं उचलून निघून गेले.

सुट्टीला मावशी-काकांकडे आलेल्या ठमीला ते बघवलं नाही. जाळ्याची गाठ तिला आजोबांनीच शिकवली होती. तिचा मावसभाऊ प्रोफेसर (चष्म्यामुळे हे नाव पडलं, मार्कांमुळे नव्हे) म्हणाला, "पुरावा हवा." त्याच्या धाकट्या बहिणीला, चिमटीला, पुराव्याशी देणंघेणं नव्हतं. तिला कुणाच्या तरी मागावर जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिघं काकांच्या होडीत बसली. जाळं वर आलं तर त्यात रुपेरी मासळी जेमतेम मूठभर. गेल्या सुट्टीत टोपल्या भरून मिळायची. आणि मधोमध एक काळा, खवल्यांचं चिलखत घातलेला, काटेरी परांचा मासा अडकलेला. काकांनी तो फडक्यात धरून हिसडला. टर्रकन जाळं फाटलं. मासा त्यांनी पाण्यात भिरकावला.

"परत का सोडला?" ठमीने विचारलं.

"विकला जात नाही मेला. जे खपत नाही ते पाण्याला परत, ही आपली रीत."

"बाबा, जाळं तर त्यानेच फाडलं," चिमटी म्हणाली.

"हे एवढंसं. मोठी भोकं त्या म्हाताऱ्याची."

"मग मोठा मासा मोठं भोक पाडत असेल."

चिमटीच्या पाठीत धपाटा बसला. खरं बोलण्याचं बक्षीस त्या घरात नेहमीच रोख मिळे.

तो मासा ठमीने ओळखला होता. इथल्या बाजारातला शोभेच्या माशांचा दुकानदार ज्याची बोटाएवढी पिल्लं विकतो तोच हा, टाकीची काच चाटून साफ करणारा. तिच्या घरीही एक होता. ती त्याला झाडूवाला म्हणायची. वाढता वाढता तो टाकीत मावेना, तेव्हा गेल्या वर्षी इथे येताना तिने त्याला त्याच दुकानात परत दिला होता.

"काच चाटतो तसा तळही चाटत असणार," प्रोफेसर म्हणाला. "रुपेरी मासळीची अंडी तळाशीच असतात. सगळी साफ."

बेत ठमीचा: दुकानात परत आलेले मासे पुढे कुठे जातात ते बघायचं. जाळ्यात पुन्हा अडकलेला एक काळा मासा त्यांनी बादलीत लपवला, मावशीच्या नेलपॉलिशने त्याचा एक पर लाल केला आणि तो दुकानात नेला. चिमटीने भोकाड पसरलं, "याला मारू नका हो काका!"

"छे छे! मोठ्या तळ्यात सोडतो मी. तिथे राजासारखा राहील," दुकानदार तिचे डोळे पुसत म्हणाला.

दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी तिघांनी धक्क्याच्या पायऱ्यांभोवती जाळं लावलं. काकांना "गंमत दाखवतो" म्हणून आणलं आणि आजोबांना हाताला धरून. सगळे होड्यांमागे बसले. दुपारी दुकानदार आला आणि त्याने दोन बादल्या पाण्यात उपड्या केल्या.

"ओढा!" प्रोफेसर ओरडला.

जाळं वर आलं. त्यात लाल पराचा मासा होता आणि काळे दहा. पायऱ्यांच्या शेवाळावर जगणारे जुनेही आत आले होते. सगळ्यांच्या देखत काट्यांनी जाळं उभं फाटलं. काका आजोबांकडे बघेनात.

दुकानदार गयावया करू लागला. "मग काय मारून टाकू? लोक रडत आणून देतात. ही बघा, हिनेच दिला होता एक. पाया पडली होती माझ्या, मारू नका म्हणून."

सगळे ठमीकडे बघू लागले. धरणीने पोटात घ्यावं असं तिला वाटलं. आपण केलेली दया ती आयुष्यात कधी विसरली नसती, इतका अभिमान तिला त्या दयेचा होता.

"पोरं हुशार निघाली हो," काका घाईघाईने म्हणाले. मग आजोबांना, दुसरीकडे बघत, "उद्यापासून या धक्क्यावर." माफी त्यांच्या घशाखालून वर आलीच नाही.

आजोबा खाली बसले होते. फळ्यांवर मासे तोंडं उघडत मिटत पडले होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्याचा डावा पर तुटका होता. टाकीचं झाकण ठमीच्याच हातून त्यावर पडलं होतं.

"ओळखीचा आहे?" आजोबांनी हळूच विचारलं.

"माझा आहे."

त्यांनी खुंट्या ठोकायचा लाकडी ठोकळा तिच्या हातात दिला. "पाण्याबाहेर हा तासन्‌तास तडफडतो. डोक्यावर मार. एकदाच, जोरात."

ठमीचा पहिला घाव निसटला. मासा उडाला. दुसरा नीट बसला.

"शाबास!" काका मागून म्हणाले.

ठमीला ठोकळा तळ्यात फेकून द्यावासा वाटला. आजोबांनी मेलेला मासा बाजूला सरकवला आणि दुसरा तिच्यापुढे ठेवला.

"अजून दहा आहेत," ते म्हणाले.