रुळांच्या हिरड्या

"सगळे डबे उतरव. इंजिनसुद्धा. रुळांवर काडीही नको," ताईने फर्मान काढलं.

मोजपट्टीने गाडी उचलून खिडकीत ठेवली. हा ताईचा धाकटा भाऊ. दिसेल ते मोजत सुटायचा, म्हणून सगळे त्याला मोजपट्टीच म्हणत. दोघं सुट्टीला मावशीकडे आली होती ती तिच्या रेल्वेसाठी. गच्चीलगतच्या खोलीत मेजभर पसरलेली ती रेल्वे म्हणजे एक इवलंसं गावच होतं. बोटभर उंचीची झाडं, रंगवलेल्या भुशाचं गवत, काडेपेटीएवढं स्टेशन. मावशीने सगळं स्वतःच्या हाताने केलेलं. पण या खेपेला गाडी जागची हलत नव्हती. बटण फिरवलं की वीज पुरवणारी पेटी गुरगुरायची, लाल दिवा लागायचा आणि सगळं ठप्प.

"लाव आता," उंबऱ्याबाहेरून टिकली म्हणाली.

टिकली त्यांची मामेबहीण. आई नव्हती, वडील नोकरीसाठी दूरदेशी, म्हणून ती गेल्या वर्षापासून इथेच राहायची. ताईची मावशी ती टिकलीची आत्या. खोलीत पाऊल टाकायला तिला बंदी होती आणि बंदी घालणारे होते काका, मावशीचे यजमान. त्यांचं म्हणणं असं, की टिकलीने रुळांत च्युइंगगम कोंबलं, वर रूळ कापायचा उद्योग केला आणि रेल्वेची वाट लावली. टिकली नाही नाही म्हणाली, रडली, "आत्या, तू वर येऊन बघ तरी," म्हणाली. आत्याने ऐकून घेतलं आणि मान खाली घालून पुन्हा कामाला लागली. येत्या रविवारी टिकलीला वसतिगृहात पोचवायचं ठरलं होतं. ही पोर आपल्याला झेपायची नाही, असं काका आधीपासूनच म्हणत होते. आता त्यांना कारण मिळालं होतं.

गाडी चालू होती तेव्हा टिकली तिच्याशी गुणगुणत बसायची.

गाडी गेली रानात, झुलता झुलता,
माझ्याही दारी ये गं, वळता वळता.

आता ती नुसती उभी होती, चौकटीला गाल टेकवून.

ताईने बटण फिरवलं. रिकाम्या रुळांवरही लाल दिवा लागलाच. म्हणजे इंजिन निर्दोष. मग दोघांनी एकेक जोड सोडवत, दर वेळी बटण फिरवून बघत, सगळं मेज पालथं घातलं. स्टेशन सुटं केलं, लाल. पूल सुटा केला, लाल. शेवटी वेलांटी सोडवली आणि दिवा विझला.

वेलांटी हे मावशीने ठेवलेलं नाव. तिथे रूळ अक्षरावरच्या वेलांटीसारखा गरकन वळून परत त्याच वाटेला मिळायचा. गाडी आत शिरायची आणि तोंड फिरवून माघारी यायची.

"खोट इथे आहे," ताई म्हणाली.

मोजपट्टी नाक रुळांना लावून सरकत गेला. वेलांटीच्या तोंडाशी, जायच्या वाटेवर आणि यायच्या वाटेवरही, दोन्ही रुळांवर कथलाचे चकचकीत थेंब होते. कुणीतरी तापल्या सळईने तिथे डाख दिला होता. मग त्यात वाईट काय? तुटलेलं जोडलंच तर होतं.

"तू उजव्या रुळावर बोट ठेव," ताई म्हणाली. "हलू नकोस. मी डाव्यावरून निघते."

तिचं बोट डाव्या रुळावरून वेलांटीत शिरलं, झाडांमागून गेलं, वळलं, परत तोंडाशी आलं आणि मोजपट्टीच्या बोटावर आपटलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. डावा रूळ वळून थेट उजव्याला मिळत होता. दोन्ही रुळांतल्या विजेची इथे गाठ पडत होती, म्हणून पेटी घाबरून बंद व्हायची.

"म्हणजे इथे रूळ तोडलेलाच हवा," मोजपट्टी पुटपुटला. "नाहीतर गाडी कधी चाललीच नसती."

त्याने पट्टीच्या टोकाने रुळाखालची खडी उकरली. गुलाबी रंगाचा एक कण निघाला. त्याने तो उंबऱ्यापलीकडे दिला. टिकलीने तो निरखला, हुंगला आणि दाताखाली धरला.

"ई! काय खातेस?" ताई ओरडली.

"चावत नाही हे," टिकली शांतपणे म्हणाली. "माझं नाही."

असा गुलाबी, दगडासारखा टणक कण. ताईला तो रंग कुठेतरी रोज दिसत होता. कुठे, ते आठवलं तसा तिचा चेहरा पडला. खालच्या खोलीत मावशीच्या कामाच्या टेबलावर. मावशी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची आणि कवळीच्या हिरड्या अगदी याच रंगाच्या असायच्या.

"आत्ताच जाऊन सांगू या," मोजपट्टी म्हणाला.

"पुरावा काय? डाख काकांनीच दिला असणार, पण ते म्हणतील, तोही टिकलीनेच दिला." ताईने जरा विचार केला. "त्यांच्याच तोंडून काढायचं."

चहाच्या वेळी ताईने सहज विषय काढला. रुळांचा तो जोड किती सफाईचा आहे, असा डाख मोठ्या दुकानातल्या कारागिरालाही जमणार नाही, वगैरे. मोजपट्टीने मान डोलावून पुस्ती जोडली, की आपण मोजून पाहिलं, केसाचाही फरक नाही. काका बशीतल्या चहासारखे पसरले.

"दुकानातला कारागीर कशाला? मीच दिलाय तो! या बाईसाहेबांनी कापून ठेवलेलं सगळं मी सांधलं. आधी तो गम खरवडून काढला."

मावशीच्या हातात अर्धी घासलेली कवळी होती. ती थांबली.

"गुलाबी होता?" तिने विचारलं.

"मग? हिचाच."

"खरवडायला जड गेलं?"

"जड? चाकूचं टोक मोडलं. दगडासारखा वाळला होता."

"तो गम नव्हता," मावशी म्हणाली. "हिरडी होती. मी भरलेली. रूळ मीच कापले होते."

काकांनी बशी खाली ठेवली. मग रूळ मुद्दाम कापलेले असतात हे आपल्याला कुणी सांगितलं का, असं बरंच काही ते बोलले. डाख दिल्यावरच गाडी बंद पडली, हे तेव्हा ध्यानात आलं होतं का, असं मोजपट्टीने विचारलं. त्यावर मात्र त्यांनी बशी पुन्हा उचलून तोंडाला लावली.

मावशी वर आली. दातांच्या कामाचं हातयंत्र तिने बरोबर आणलं होतं, टोकाला पातळ चकती लावून. डोळ्यांवर चष्मा चढवला, रूळ थरथरू नये म्हणून खाली लाकडी ठोकळा दाबला आणि चकती टेकवली. ठिणग्या उडाल्या. रूळ तुटला. तिने कानशीने कडा गुळगुळीत केल्या आणि फटीत गुलाबी मिश्रण भरलं. मग पुढचा जोड, मग त्याच्या पुढचा. केसभर फरकासाठी कवळी पुन्हा पहिल्यापासून करणारी ही बाई. इतके दिवस ती चार पायऱ्या चढून वर आली नव्हती. हे ताईच्या मनात आलं आणि मावशीच्याही आलं असावं, कारण तिने मान वर केली नाही.

मिश्रण वाळलं. गाडी सुटली, वेलांटीत शिरली आणि तोंड फिरवून परत आली.

"शाब्बास!" काकांनी मोजपट्टीच्या पाठीवर थाप मारली. "काय डोकं चालवलंत रे! तुमच्या आईला फोन करून सांगतो."

"टिकलीला काय सांगणार?" मोजपट्टीने विचारलं.

"तिला काय सांगायचं? झालं की सगळं नीट." काका हसले आणि जिना उतरून गेले.

मावशीने टिकलीला आत बोलावलं. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "माझं चुकलं गं," म्हणाली. "तू बोलावलंस तेव्हा मी यायला हवं होतं. कुठे जायचं नाही तुला. वसतिगृहात मी आत्ताच कळवते."

टिकलीने होकारार्थी मान हलवली. बराच वेळ ती गाडीकडे बघत राहिली, पण गुणगुणली नाही.

"आत्या," ती म्हणाली, "आणि पुढच्या वेळी खरंच माझ्या हातून काही मोडलं तर?"

मावशीने तोंड उघडलं. टिकलीने थोडी वाट पाहिली, मग बटण फिरवून गाडी स्टेशनात थांबवली आणि खाली निघून गेली.